मधल्या स्टुलावरचा खर्ज

भुतांवर माझा विश्वास नाही. विश्वास ठेवावा अशी जिवंत माणसंच आयुष्यात मोजकी भेटली, तिथे मेलेल्यांना कुठे जागा द्यायची? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणीतरी घरी येणार आणि ओटीवर रात्रीबेरात्री काही ऐकू येतं का, असं विचारणार. रात्री मी झोपते. जे झालं ते दिवसाढवळ्या, चहा पिता पिता झालं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मला समजावून सांगता येतं.

डहाणूच्या शाळेत संगीत शिकवून मी निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये घराच्या ओटीवर रविवारी सकाळी बासरीचा वर्ग सुरू केला. बासरी मला वडिलांनी शिकवली. ते भजनी मंडळात वाजवायचे, आणि बाईमाणसाने फुंकवाद्य वाजवू नये असं म्हणणाऱ्यांना ते म्हणायचे, चूल फुंकते ती कोण? वर्षभरात वाजवणारे आठ जण झाले. त्यात एक बँकेतला कारकून होता, एक चिकूचा बागायतदार होता, आणि दोघी बहिणी होत्या. त्या कासाच्या दवाखान्यात नर्स. शेअर जीपने यायच्या, वाटेत भांडायच्या, पायरीवर चपला काढताना भांडण अर्धवट टाकायच्या आणि परत जाताना तिथूनच उचलायच्या. पण बारीक बासऱ्या हातात घेतल्या की दोघींचे सूर असे जुळायचे की मधून केस जाणार नाही. त्यांच्यामुळेच पुढचं सगळं झालं असं म्हणता येईल.

आठवा होता नरपडचा एक मच्छीमार. त्याची बायको माझ्या दारावर मासळी विकायला यायची. एकदा टोपली उतरवून ती वर्ग संपेपर्यंत बसली आणि पुढच्या रविवारी नवऱ्याला घेऊन आली. गडी अवाढव्य, बोलायला लाजरा. साध्या बासरीची भोकं त्याच्या बोटांखाली दोन-दोन झाकली जायची. शेवटी मी वडिलांची खर्जाची बासरी काढून दिली. ती जाड आणि इतकी लांब आहे की माझी बोटं तिच्यावर पोचत नाहीत, आणि तिला फुंक लागते ती जाळं ओढणाऱ्या छातीची. त्याने पहिल्याच दिवशी तिच्यातून खालचा सा काढला आणि ओटीवरची फरशी बसल्या जागी गुणगुणली. मला एकच सूर द्या बाई, पण लांब द्या, असं तो म्हणाला. मी त्याला तेच दिलं. चार वर्षं तो बहुतेक एकच सूर वाजवत होता आणि आमची सगळी गाणी त्याच्यावर उभी होती.

तलासरीकडच्या एका पाड्यावर छोटं चर्च आहे. तिथले फादर एका कार्यक्रमात आमचे अभंग ऐकून गेले आणि महिन्याभराने घरी आले. त्यांच्याकडे नाताळची काही गाणी होती. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी जुन्या वळणाने बांधलेली. मास्तर गेले होते, गाणी फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात उरली होती. चाल अर्धी चर्चमधल्या प्रार्थनेसारखी, अर्धी भात कापून झाल्यावरच्या नाचासारखी. फादरांनी ती स्वतः गाऊन मोबाइलवर भरून आणली होती. ते फार बेसूर गायचे, देव त्यांना क्षमा करो, आणि मला मूळ चाल शोधायला आठवडे लागले.

आठ बासऱ्यांसाठी गाणं बांधणं म्हणजे आठ जणांना एकाच खोलीत नांदवणं. मी चाल मधल्या बासऱ्यांना दिली. वर दोघी बहिणींना जोडीने ठेवलं, मोठी सा धरणार आणि धाकटी त्याच वेळी ग. खाली खर्ज. खर्जाची बासरी आवाजाने मऊ असते, म्हणून तिचा माणूस मधोमध बसवला, स्टुलावर, आणि त्याच्या दोन बाजूंना दोघी नर्सबाई. श्वासही मीच वाटून दिले. शेजारी श्वास घेईल तेव्हा आपण घ्यायचा नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. आणि सर्वांत आवडत्या गाण्यात, मेंढपाळ डोंगर उतरून येतात तिथे, मी सगळ्यांना थांबवलं. एकटा खर्ज चालू राहायचा. किती वेळ, ते मी लिहिलं नाही. त्याने मनाला येईल तितका वेळ धरायचा आणि मान हलवली की सगळ्यांनी एकदम शिरायचं. तीन नाताळ आम्ही तसं वाजवलं. अभंग वाजवणारी माणसं येशूच्या पाळण्याला बासरी वाजवतात म्हणून आधी लोक हसले, मग जेवायला बोलवू लागले.

२०१८ मध्ये नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, आणि एका सकाळी त्याची होडी त्याच्याशिवाय परत आली. सोबत दोघे होते. समुद्र शांत होता. वाढवणच्या समोर जाळं टाकून दोघं पुढे चहा करत होते, तो मागे इंजिनापाशी बसला होता. वळून पाहिलं तर इंजिन चालू आणि जागा रिकामी. पाण्यात पडल्याचा आवाजही झाला नाही, असं दोघं शपथेवर सांगत राहिले. किनाऱ्यावर सगळ्यांनी शोधलं. सापडला नाही.

महिन्याने त्याची बायको खर्जाची बासरी परत द्यायला आली. त्याच्याच टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू. मी तिच्याकडे पाहिलं तसं तिने स्वतःच सांगितलं. घरचे म्हणतात, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे जीव सुटेल. होळी हा मच्छीमारांचा मोठा सण, तो घरात सुतकाचा नको. दिराने भटजींना विचारूनही ठेवलं होतं. सासू रोज ताट वाढून दाराबाहेर ठेवत होती आणि ते मांजर खात होतं. पण ही तयार नव्हती. माणूस दिसला नाही, खांदा दिला नाही आणि गवताला जाळून बांगड्या फोडायच्या, हे तिला पटत नव्हतं. मी बासरी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि तिला चहा दिला.

नोव्हेंबरपासून तलासरीकडे जमीन वाजू लागली. आधी खालून गाडी गेल्यासारखी घरघर यायची आणि मग भांडी हलायची. पाड्यांवर लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपू लागले. धुंदलवाडीकडून येणारा प्रत्येक माणूस बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा आणि पायांकडे बघायचा. आमच्या तालमी त्याच दिवसांत सुरू झाल्या. फादरांनी विचारलं होतं, यंदा जमेल का? मी म्हटलं, सात जण वाजवू.

खर्जाची ओळ मी तशीच रिकामी ठेवली. दुसरं काही सुचेना. मेंढपाळांच्या जागी आल्यावर सगळे थांबले, सवयीने. पहिल्यांदा मला वाटलं की आता गोंधळ होणार, मान हलवणारा कोणीच नाही. मी हात वर करायच्या आत सातही जण एकदम शिरले. एकाच क्षणी, धार लावल्यासारखे. पुन्हा वाजवलं. या वेळी थांबणं जास्त लांबलं, आणि तरी सगळे बरोबर एकत्र शिरले. कोण मोजतंय, असं मी विचारलं. कोणीच मोजत नव्हतं. बँकेतला कारकून म्हणाला की आत जावंसं वाटतं तेव्हा जातो. मी चिडले. ती जागाच काढून टाकली, सरळ पुढे जा म्हटलं. तरी ते तिथे पोचले की थांबायचे. मीसुद्धा थांबायचे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

खिळ्यावरची बासरी मी एकदा पुसायला काढली तर ती आतून ओली होती. फुंकल्यावर असते तशी. डहाणूच्या हवेत मीठ ओलं होतं, पापड ओले होतात, त्यात काय मोठंसं, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारी टांगलेल्या दोन बासऱ्या कोरड्या होत्या. त्या मी पुन्हा पुन्हा हात लावून पाहिल्या नाहीत. भीती वाटली, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मच्छीमाराची बायको दर रविवारी येऊ लागली. टोपली विकून झाली की यायची आणि मधल्या स्टुलावर, नवऱ्याच्या जागी बसायची, दोघी नर्सबाईंच्या मधे. तिला तिथून उठा म्हणायचं धाडस कोणाला झालं नाही. दोन रविवार ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिसऱ्या रविवारी गाणं संपल्यावर तिने मला विचारलं, "बाई, जाडी बासरी कोन वाजवते?"

सगळे भिंतीकडे बघू लागले. बासरी खिळ्यावरच होती. बागायतदार म्हणाला की जमीन असेल, हल्ली सगळ्यांनाच घरघर ऐकू येते. तिने मान हलवली. जमीन बेसूर असते, असं ती म्हणाली. हा सूर तोच होता, आणि तो मधे श्वासही घेत होता.

मग तिने मला घरची गोष्ट सांगितली. दिराला तिने सांगून टाकलं होतं की माझा माणूस वाजतोय, वाजतोय तोवर मी पुतळ्याला हात लावू देणार नाही. सासूने हे ऐकलं आणि जेवण सोडलं. मुलाचा जीव अडकलाय, कावळा शिवत नाही, आणि सून त्याला धरून बसली आहे, असं म्हातारी येईल त्याला सांगत होती. नरपडमध्ये लोक त्या घरावरून जाताना आवाज खाली घेऊ लागले होते.

सगळे गेल्यावर मी दोघी बहिणींना थांबवून घेतलं आणि स्वतः त्या स्टुलावर बसले. वाजवा म्हटलं. मोठीने सा धरला, धाकटीने ग. आणि माझ्या डोक्याच्या मधोमध, कानांच्या मागे कुठेतरी, खालचा सा सुरू झाला. जाड, शांत, त्याचाच. धाकटीने श्वास घेतला आणि तो थांबला. तिने पुन्हा फुंकलं आणि तो पुन्हा आला.

तेव्हा मला उलगडलं. वडील तंबोरा लावून मला म्हणायचे, ऐक, गांधार कोणी छेडला नाही तरी बोलतोय. हे तसलंच काहीतरी. दोन बारीक बासऱ्या जोरात, अगदी सुरेल सा आणि ग धरतील, आणि ऐकणारा त्यांच्या मधे असेल, तर त्याच्या कानात तिसरा सूर तयार होतो, दोन सप्तकं खालचा सा. तो कोणी वाजवत नाही. दोघींपैकी एकीने श्वास घेतला की तोही तुटतो. इतकी वर्षं तिथे खरा खर्ज होता, म्हणून हा कोणाला कळलाच नाही. उलगडल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी उठून दिवा लावला, दुपारच्या वेळी.

पुढच्या रविवारी मी तिला लवकर बोलावून सगळं दाखवलं. एकीला वाजवायला लावलं, सूर नाही. दोघींना लावलं, सूर आला. दोघींना ओटीच्या दोन टोकांना उभं केलं, सूर विरला. खरं सांगितलं की ती मोकळी होईल, असं मला वाटत होतं. मास्तरणीच्या डोक्यातलं खूळ, दुसरं काय.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे हा तुम्ही गाणं बांधलं त्यातून आलाय. मी म्हटलं, हो, तसंच. ती बराच वेळ बांगड्या मनगटावर फिरवत राहिली. मग म्हणाली, "तो वर येत नाय, खाली जात नाय. मधीच हाय. तुमी बांधलाय तर तुमीच सोडा."

तिचं म्हणणं ऐकून मला रडू आलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की ते करता येण्यासारखं आहे. दोन सूर जवळ आणत गेलं की तो तिसरा खाली जातो. ग वरून मींड घेत सा कडे यायचं, बोट हळूहळू सरकवत, घाई न करता. जितके सूर जवळ, तितका तो खोल. दोन्ही एक झाले की तो उरतच नाही.

मी शेवटच्या गाण्याचा शेवट बदलला. नाताळचं गाणं आनंदात उंचावर संपायला हवं, आणि मी ते एका सुरावर आणून विझवत होते. फादरांना फोनवर वाजवून दाखवलं. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले की प्रार्थना यंदा दुपारीच आहे, चर्चच्या आत कोणी बसायला तयार नाही, मैदानात मांडव घालतोय, बाईंना घेऊन या.

नाताळच्या दिवशी आम्ही जीपने तलासरीला गेलो. मांडव ताडपत्र्यांचा होता, त्याच ताडपत्र्या ज्यांच्याखाली लोक रात्री झोपत होते. एका बाजूला गोधड्यांचे ढीग, भांडी, बांधलेल्या शेळ्या. सणाला माणसं आली होती, पण सगळी कडेकडेला बसली होती, पटकन पळता येईल अशी. आम्ही मधला स्टूल मांडला आणि ती त्यावर बसली. समोरच्यांना वाटलं की ही गाणार आहे.

मेंढपाळ डोंगर उतरून आले. आम्ही थांबलो. मांडवभर शांतता, एक शेळीही ओरडली नाही. मी ठरवून हात खाली ठेवले होते. किती वेळ गेला माहीत नाही. आणि मग सातही बासऱ्या एकदम शिरल्या.

शेवटचं गाणं आलं तेव्हा मी समोरची जागा सोडून तिच्या स्टुलामागे जाऊन उभी राहिले. मोठीने सा धरला, धाकटीने ग. इतर सगळे थांबले. खालचा सा उमटला, माझ्या कानात आणि तिच्या. धाकटीने बोट सरकवायला सुरुवात केली. तो खाली जाऊ लागला. सरळ, न थरथरता, नेहमीच्या त्याच्या सुराखाली, मग त्याच्याही खाली, जिथे बासरी कधी पोचत नाही. मग तो सूर राहिला नाही. नुसती धडधड राहिली, लांबून होडीचं इंजिन ऐकू यावं तशी. ती संथ झाली. आणखी संथ झाली. एक ठोका, मोठी फट, आणखी एक ठोका. मग दोघींचा एकच सूर, स्वच्छ, त्याच्याखाली काही नाही.

तिने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. समोर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. फादर प्रार्थना पुढे सुरू करायला विसरले. सगळे जमिनीकडे बघत होते, पण त्या दुपारी जमीन वाजली नाही.

परत येताना चारोटी नाक्यावर तिने जीप थांबवायला सांगितली आणि झेंडूची फुलं घेतली. दोन दिवसांनी नरपडच्या किनाऱ्यावर पुतळ्याला अग्नी दिला. मी गेले होते. लांब, सुरूच्या झाडांपाशी बायकांमध्ये उभी होते. सासू रडली, खूप दिवसांनी मोकळं रडली, असं तिच्या शेजारणी सांगत होत्या. संध्याकाळी घरी येऊन मी खर्जाची बासरी हातात घेतली. ती आतून कोरडी ठणठणीत होती. त्या उन्हाळ्यात ती उभी तडकली.

२०१९ च्या नाताळासाठी फादरांनी पुन्हा विचारलं. तलासरीकडे जमीन अजून अधूनमधून वाजत होती, लोकांना तिची सवय झाली होती. वाजवणारे सातच होते. गाण्यात मी काही बदललं नाही, फक्त शेवट पुन्हा उंचावर नेला. पहिल्या तालमीआधी मी त्या स्टुलावर बसून पाहिलं. दोघी बहिणींच्या मधे खालचा सा होता. असणारच, तो कानाचा खेळ आहे, तो कुठे जाईल? तरी मला बरं वाटलं.

तेवढ्यात ती आली. हात मोकळे, टोपलीत सुके बोंबील. मी उठले, ती बसली. आम्ही मेंढपाळांचं गाणं सुरू केलं. ती मान खाली घालून ऐकत होती. डोंगर उतरून झाला, सगळे थांबले.

आणि शिरताना फुटले. कारकून आधी गेला, बागायतदार मागून आला, दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी ओरडायला तोंड उघडलं, तर स्टुलावरून ती माझ्याकडे बघत होती. डोळे भरलेले होते, पण चेहरा शांत होता.

"आता तुमालाच मोजायला लागल, बाई," ती म्हणाली.

मी हात वर केला आणि मोजायला लागले.